अंबूताईंचा झोपलेला कुत्रा

मैसुरातल्या नजरबादच्या गल्लीत पोराटोरांना विचाराल तर ती सांगतील की सत्तेचाळीस साली अंबूताई शिंपिणीने पोलिसावर वाघाएवढा शिकारी कुत्रा सोडला होता. कुत्र्याने म्हणे हवालदाराची पोटरी फोडली, पार अग्रहारापर्यंत पळवला त्याला. कोणी म्हणतं कुत्रा राजवाड्यातल्या जातीचा होता. एकजण तर त्याचं नावसुद्धा सांगतो.

सगळं खोटं. अंबूताईंनी जन्मात कुत्रा पाळला नाही. कुत्र्याचे केस शिवणात शिरतात म्हणून दारात आलेल्यालासुद्धा त्या मापाच्या गजाने हाकलत. पण ही अफवा कानावर आली की त्या कधी चिडत नसत. पोरांचं बोलणं, सोडून द्या. चिडल्या त्या बहात्तर साली, आणि त्याला कारण बिंदुमाधव मास्तर.

त्या वर्षी स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली. मंडळाच्या गणपतीत मास्तरांनी स्वतः लिहिलेलं नाटक ठरलं, 'नजरबादचा निशाचर'. दिवसा अत्तर लावून, काठी फिरवत हिंडणारा छैलछबिला तरुण. रात्री तोंडाला काळं फडकं बांधून, तलवार उपसून, छपरांवरून उड्या मारत चळवळीची पत्रकं वाटणारा वीर. हा वीर म्हणजे आपले मानाजीराव, हे मैसुरातल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक होतं. दर पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभे राहून, "अं-हं" करून घसा साफ करत ते स्वतःच सांगत आले होते.

कपडे शिवायचं काम अर्थातच अंबूताईंकडे. निशाचराचा काळा साटिनचा झगा घेऊन त्या तालमीला गेल्या आणि तिथे त्यांनी तिसरा अंक पाहिला. निशाचर शिंप्याच्या घराच्या छपरावर उभा. खाली हवालदार दार ठोठावतो. घरात कोणी नाही. एवढ्यात पडद्यामागून कुत्रा भुंकतो, असा की दहा कुत्री लाजतील. (भुंकायचं काम ही हकीकत लिहिणाऱ्या पोरीकडे होतं. गल्लीतल्या कोणाचाही आवाज काढून दाखवते म्हणून तिला घेतलेलं.) हवालदार पळतो, निशाचर वरून तलवार हलवतो, पडदा.

"थांबा!" अंबूताईंनी झगा खुर्चीवर आपटला. "मास्तर, हे घर कोणाचं?"

"तुमचंच, अंबूताई. किंबहुना तुमच्याच घराचा हा गौरव—"

"मग मी कुठाय?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "नाट्याच्या दृष्टीने तिथे स्त्रीपात्राची, किंबहुना, गरज भासत नाही. श्वान आहे ना."

"श्वान! अय्यो! मी दारात उभी होते, आणि टाळ्या कुत्र्याला? तोही नसलेल्या?"

"लोकांना कुत्रा आवडतो, ताई."

"आवडतो तर आणून बांधा तुमच्या अंगणात! आणि हे भुंकणं कसलं? माझा कुत्रा भुंकला नव्हता!"

"पण आत्ता तुम्ही म्हणालात की कुत्रा नव्हताच."

"नव्हताच! म्हणूनच भुंकला नाही! एवढं साधं मला कळतं, आणि तुम्ही बी.ए. झालात!"

तालीम तिथेच मोडली. अंबूताई दुकानात येऊन मशीनवर बसल्या आणि पायाखालचं पायडल इतकं खडखडवलं की शेजारच्या घरातल्या भांड्यांना कंप सुटला. काजं-बटणं करायला आलेल्या त्या भुंकणाऱ्या पोरीने भीतभीत विचारलं, "ताई, मग खरं काय झालं होतं?"

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं.

दिल्लीत झेंडा चढून महिनासुद्धा झाला नव्हता. पण मैसूर संस्थानात अजून दिवाणाचाच कारभार. लोकांचं सरकार द्या म्हणून 'मैसूर चलो'च्या मिरवणुका निघत आणि झेंडा हातात दिसला की पोलीस उचलून नेत. देश स्वतंत्र, आणि आपण तुरुंगात! हे आठवलं की अंबूताईंना अजूनही संताप येई. तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. नवरा निवृत्ती पोलिसांचे खाकी कपडे शिवायचा, आणि त्याच कपड्यांच्या घड्यांत चळवळीची पत्रकं लपवून बन्नूरच्या बसमध्ये गाठोडी चढवायचा. पोलिसांच्याच चड्ड्या पोलीस कशाला तपासतील? ही युक्ती अंबूताईंची. घड्याही त्याच घालत. तलवार-बिलवार काही नाही, इस्त्री होती.

त्या दुपारी निवृत्ती बन्नूरला गेलेला. अंबूताई एकट्या. मिरवणुकीवर लाठी चालली आणि मानाजीराव पळत पळत दुकानात घुसले. अत्तराचा घमघमाट, काठी कुठे पडलेली. त्यांनाही पत्रकं न्यायची असत, म्हणून ओळख होती. अंबूताईंनी त्यांना खाकीच्या ढिगात लोटलं, वरून तयार चड्ड्या रचल्या. त्याच ढिगात दुसऱ्या दिवशीची पत्रकं होती. सापडलं असतं तर मानाजीराव गेले असते, निवृत्ती गेला असता, आणि घर बसलं असतं.

दारावर हवालदार. "ओळगे यारिद्दारे?" आत कोण आहे?

अंबूताईंचं कन्नड गल्लीतल्या कोणाहूनही चांगलं. पण त्या क्षणी भीतीने ते पळालं आणि तोंडात घरचं मराठी तेवढं उरलं. मैसुरातल्या शिंप्यांच्या घरात 'नाही'तला ह केव्हाच उसवून गेलेला. त्या पुटपुटल्या, "नाई… नाई…"

आणि कन्नडात नायी म्हणजे कुत्रा.

हवालदार एक पाऊल मागे सरला. "नायी? कच्चुत्ता?" चावतो का?

"इथपर्यंत चूक होती बघ," अंबूताई पोरीला म्हणाल्या. "एवढंच झालं असतं तर मीसुद्धा म्हटलं असतं, देवाची कृपा, अष्टे, एवढंच. पण पुढचं मी केलं. मी! माझ्या डोक्याने!"

पुढचं असं. त्यांना एका क्षणात कळलं की याने काय ऐकलं. कन्नड परत आलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुंबा कच्चुत्तदे." फार चावतो.

हवालदार अगदीच भोळा नव्हता. मग भुंकत का नाही, म्हणाला.

अंबूताईंनी दार आणखी थोडं उघडलं. मागे वळून खाकीच्या ढिगाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मलगिदे. एब्बिसला?" झोपलाय. उठवू का?

हवालदार शेजारच्या घरी चौकशीला गेला.

"आणि ते मानाजीराव," अंबूताईंनी दोरा दाताने तोडला, "संध्याकाळी चड्ड्या झटकून गेले ते गेलेच. पुढच्या वर्षी झेंड्याखाली छप्पर आलं. मग उडी आली. आता तलवार आली! मी गप्प. आमचे मालक म्हणाले, पोलिसांचं शिवणकाम चालू आहे, सुम्ने, गप बस. बसले. मालक गेले, तरी बसले. पण माझ्या जागी कुत्रा उभा करता? मग आता नाही बसत."

पोरगी म्हणाली, "मास्तर एकवेळ ऐकतील, ताई. पण मानाजीराव चारचौघांत कबूल करतील की ते चड्ड्यांखाली होते? शक्यच नाही. लावा पैज."

"लावली. मी हरले तर तुला लंगा-दावणी शिवून देते, परकर-ओढणी, जरीकाठाची. तू हरलीस तर दसऱ्याची सगळी सुट्टी माझ्याकडे काजं करायची."

प्रयोगाच्या दिवशी मानाजीराव पहिल्या रांगेत, प्रमुख पाहुणे, गळ्यात हार. शेजारी त्यांच्या पत्नी भागीरथीबाई. पहिल्या दोन अंकांत निशाचर इतक्यांदा उडी मारून आला की झग्याची शिवण उसवली, आणि सुईदोरा घेऊन अंबूताई विंगेतच उभ्या राहिल्या. तिसरा अंक. निशाचर छपरावर. बँकेतला एक कन्नड पोरगा हवालदार झाला होता, त्याने दार ठोठावलं. भुंकणारीने छाती भरून श्वास घेतला, आणि तिच्या तोंडावर अंबूताईंचा हात बसला.

मग त्या रंगवलेल्या दाराशी गेल्या आणि वीतभर दार उघडलं.

हवालदाराला कुत्र्याची सवय. समोर नऊवारीतल्या बाई पाहून त्याचं पाठ केलेलं मराठी सगळं सांडलं. घाबरून तो आपल्याच भाषेत म्हणाला, "ओळगे यारिद्दारे?"

"नाई… नाई…"

"नायी?" पोरगा खरोखरच मागे सरला. सभागृहात पहिली खसखस पिकली. मैसूरचे प्रेक्षक ते, दोन्ही भाषा त्यांच्या घरच्या. छपरावरचा निशाचर वाकून खाली बघू लागला. विंगेत बिंदुमाधव मास्तर "किंबहुना… किंबहुना…" एवढंच म्हणत होते.

"कच्चुत्ता?"

"तुंबा कच्चुत्तदे."

"मत्ते याके बोगळ्ता इल्ला?" मग भुंकत का नाही? पोराला आता मजा वाटू लागली होती.

अंबूताई वळल्या. छपराकडे ढुंकूनही न बघता त्यांनी खाली, रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. आवाज उतरला. "मलगिदे. एब्बिसला?"

सभागृह फुटलं. पण सगळ्यांच्या वर एक हसणं गेलं, खोकत, ठसकत, हार गदगदा हलवत. मानाजीराव उठून उभे राहिले होते. "अस्संच! ह्याच आवाजात! ह्याच आवाजात म्हणाली होती! मी खाली तोंडात चड्डी कोंबून हसू दाबत होतो हो!"

"खाली?" भागीरथीबाईंनी वर पाहिलं. "अहो, कशाच्या खाली? तुम्ही तर छपरावर होतात ना?"

हसू एकदम थांबलं. मानाजीरावांनी "अं-हं" केलं. पुन्हा केलं. घसा काही साफ होईना. छपरावरच्या निशाचराने तलवार हळूच पाठीमागे नेली.

"छप्पर नव्हतं," मानाजीराव शेवटी म्हणाले. "चड्ड्यांचा ढीग होता. मी घाबरलो होतो. दारात या होत्या." आणि त्यांनी गळ्यातला हार काढून रंगमंचाच्या कडेला ठेवला.

अंबूताईंनी तो उचलला नाही. "हे सांगायला पंचवीस वर्षं?" त्या म्हणाल्या. "मालक असते तर त्यांनी ऐकलं असतं." त्यांनी दार लावून घेतलं. मग लोक उभे राहिले आणि टाळ्या सुरू झाल्या त्या बंद दारासाठी.

अशी ही हकीकत लिहिणारी पैज हरली. त्या दसऱ्यात सगळं मैसूर हत्तीवरची जंबूसवारी बघायला गेलं, आणि ती नजरबादच्या दुकानात काजं करत बसली. पहिलंच काज अंबूताईंनी उजेडात धरून पाहिलं.

"हे काज आहे की उंदराचं बीळ? उसव, उसव. परत कर."