रिकाम्या ग्लासाचा वास

आमच्या घरात नऊ वर्षं दारूचा थेंब आला नव्हता, आणि तो आणला मीच. कापडी पिशवीत बाटली, वर कोथिंबिरीची जुडी. जिन्यात शेजारीण भेटली तेव्हा मी तिच्याशी कोथिंबीर किती महागली यावर बराच वेळ बोलले.

मी पिणारी बाई नाही, पण माझं पोट दारूवरच चाललं. सोलापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी सत्तावीस वर्षं केमिस्ट होते. मळीपासून स्पिरिट निघायचं, त्यातलं थोडं लाकडी पिंपांत मुरत ठेवायचे, आणि ते कधी बाहेर काढायचं हे ठरवायला शेवटी माझ्या नाकालाच विचारायचे. वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा, थुंकायचा, वहीत लिहायचं. सत्तावीस वर्षांत एक घोट गिळला नाही. लग्नकार्यात हे सांगितलं की बायका माझ्याकडे अशा बघायच्या की पुढं पुढं मी ‘साखर कारखान्यात होते’ एवढंच सांगू लागले.

प्यायचे ते आमचे हे. मूळचे केम गावचे, सोलापुरात यंत्रमागाचे जॉबर. माग बिघडला की तो उघडून नीट करायचा, हे त्यांचं काम. हात कसबी, पण संध्याकाळ झाली की पाय गुत्त्याकडं. एकदा दुपारीच पिऊन मागाला हात घातला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी त्यांनी सोडली. सोडताना अट त्यांनीच घातली. म्हणाले, “रोज घरी आलो की तुझ्या तोंडासमोर ‘हा’ करीन. साऱ्या जगाला फसवीन, पर तुझ्या नाकाला न्हाय फसवता यायचं.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी दारात तोच कार्यक्रम. हे चपला काढायच्या आधी उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, मी पुढं व्हायचे, हे ‘हा’ करायचे. चहा, तंबाखू, मागाचं तेल, दुपारच्या डब्यातली शेंगाचटणी, सगळं मला एका श्वासात कळायचं. मग मी म्हणायचे, “या.” समोरच्या घरातल्या सुनेला वाटायचं की या वयातही दोघांचं काय चाललंय. वाटू दे म्हटलं.

टाळेबंदीच्या साथीत मला ताप आला. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर आधी सहा महिन्यांत परत येईल म्हणाले, मग वर्षात येईल म्हणाले, दोन वर्षं झाली तरी आलं नाही. फोडणीत हिंग पडला की नाही हे मी डबीकडं बघून ठरवायला लागले. डॉक्टर सोडले तर हे मी कुणाला सांगितलं नाही. यांना तर नाहीच. रोज दारात मी मान पुढं करत होते, हे ‘हा’ करत होते, आणि भिंतीला नाक लावावं तसं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तरी मी “या” म्हणत होते. यांची दारू माझ्या नाकाच्या धाकानं सुटलीय आणि तो धाक आता खोटा आहे, हे मला रोज संध्याकाळी आठवायचं.

अशात माझ्या हाताखाली शिकून मोठा झालेला एक जण घरी आला. आता तो आणि त्याचे दोन भागीदार घायपातापासून दारू काढायच्या खटाटोपात आहेत. बांधावरचं आपलं तेच काटेरी घायपात. मेक्सिकोत त्याच्याच जातभाईपासून टकीला करतात म्हणे. बाटली खाली गाडीत होती, त्यानं मोबाइलवर तिचा फोटो दाखवला. “मॅडम, ही तिकडची, पिंपात ठेवलेली, पण स्वस्तातली. आपल्याला हिच्या जवळपास जायचंय. हिचा रंग खरंच लाकडाचा आहे का, किमतीच्या मानानं कशी आहे, तुमच्या पद्धतीनं एक पान लिहून द्या. तुमच्या नाकापुढं आम्हाला मशीन नको.”

नाक गेलंय एवढं सांगायला किती वेळ लागतो. पण मी मॅडमच राहिले. त्याच्या ऑफिसात बसून चाखते म्हणाले असते तरी चाललं असतं, पण तिथं चार जण माझ्या तोंडाकडं बघणार आणि मी उघडी पडणार. म्हणून त्याला सोडायला खाली गेले, त्याच्या गाडीतून बाटली पिशवीत घेतली, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि घरी आणली. यांचं येणं संध्याकाळचं. दुपारी उरकून टाकू, असं मनाशी ठरवलं.

निवृत्त होताना आणलेले चार निमुळते ग्लास काढले. पांढऱ्या कागदापुढं धरून रंग बघितला. वाळलेल्या कडब्याचा, त्यात जरा जास्तच पिवळा. ग्लास तिरका करून सरळ केला, काठावरून थेंब सावकाश उतरले. डिस्टिल्ड वॉटर घालून ताकद कमी केली. तळहातावर दोन थेंब चोळले, हात नाकाशी नेला. नुसता गारवा लागला. मग घोट घेतला. जिभेला टोकाशी गोड कळलं, कडेला चुरचुरलं, मागं कडवट. एवढं तर कुठल्याही नवशिक्याला कळतं. गोड, तिखट, कडू या तीन शब्दांवर मी काय पान लिहिणार होते?

दुसरा घोट तोंडात फिरवत होते तेवढ्यात पंखा थांबला. हे कामाला जातात त्या पलीकडच्या कारखान्यातल्या मागांचा खडखडाट एकदम बंद पडला. लाइट गेली. लाइट गेली की माग बंद, आणि माग बंद की जॉबरला सुट्टी, हे मला इतक्या वर्षांत कधी विसरायला झालं नव्हतं. पाचव्या मिनिटाला हे दारात. दार मी कडी न लावता नुसतं लोटलेलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर बाटली, चार ग्लास, आणि मी गाल फुगवून बसलेली. थुंकायचं भांडं हातात.

यांनी बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, “आज तूच कर ‘हा’.”

मी थुंकले आणि मला रडू आलं. बाटली कुणाची, कशासाठी, सगळं सांगितलं. नाकाचंही सांगितलं. ते सांगताना यांच्याकडं बघायची छाती झाली नाही.

“ठाऊक हाय,” हे म्हणाले. “दूध करपून पार कोळसा झालं आन तू शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसली हुतीस. दीड वरीस झालं त्याला.”

“मग रोज ‘हा’ कशाला करत होतात?”

हे आत आले. खुर्ची ओढून टेबलाशी बसले, मात्र बाटलीपासून लांबच्या बाजूला.

आणि मग मी जे केलं ते आमच्या धंद्यातलं माणूसच करू जाणे. मला सत्तावीस वर्षांत एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, की वास घेणं म्हणजे पिणं नव्हे. दारू थुंकायची असते, वास काय, हवाच. मी डोळे पुसले, पेन घेतलं आणि ग्लास यांच्यापुढं सरकवला. “प्यायची नाही. नुसता वास घ्या आणि काय वाटतं ते सांगा.”

“मी?”

“घरात दुसरं नाक कुठाय?”

यांनी ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले. “भाजलेलं रताळं,” म्हणाले. मी लिहिलं. “वर काळं मिरं कुटल्यागत. आन सुताराकडं नवी पेटी उघडली की येतो तसा, पर थोडाच.” मग एकदम डोळे उघडले. “आन हे तर वाखाचं. केमला बांधावरचं घायपात तोडून आमी पाण्यात कुजवायचो, वाख काढायला, दोर वळायला. पहिल्या दोन दिसाचं पाणी असंच वास मारायचं. हिरवं, आंबूस.”

मला खरोखर आनंद झाला. इतकं नेमकं तर माझ्या हाताखालच्या शिकलेल्या पोरांनाही सांगता येत नसे. “अजून?” मी विचारलं. “पाणी घातलेल्यात बघा. आता हातावर चोळून बघा. अजून काय?” हे सांगत होते, मी लिहीत होते. शेवटाला किंचित जळकं रबर, असं म्हणाले. म्हणजे घाईत गाळलेली. रंगातही थोडा हात फिरवलेला असणार. पण लाकूड थोडं का होईना, खरं होतं, आणि मूळ घायपाताचा वास दाबून टाकलेला नव्हता. किमतीच्या मानानं बरी, असं मी खाली लिहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा पान भरलं होतं.

एक परीक्षा उरली होती. ग्लास रिकामा करून झाकून ठेवायचा आणि तासाभरानं त्याचा वास घ्यायचा. दारू उडून गेलेली असते, मागं लाकूड राहतं. पिंप खरं की खोटं ते तिथं कळतं. त्या तासात मी पान नीट उतरवून काढलं, हे टेबलाशीच बसून राहिले. मग मी झाकण काढून तो ग्लास यांच्या नाकाखाली धरला.

यांनी वास घेतला आणि ग्लास लवकर खाली ठेवलाच नाही. बोटं तुटलेला हात टेबलाखाली गेला. “काय येतंय?” मी विचारलं, पेन तयार ठेवून. हे म्हणाले, “काय न्हाय. जरा फिरून येतो.” चपला घालायला यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

दार बंद झालं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस नऊ वर्षं दारूच्या दुकानाच्या फुटपाथनं चालत नाही, रस्ता ओलांडून पलीकडून जातो, वास नको म्हणून. हे त्यांनीच मला सांगितलेलं. आणि मी चार वेळा त्यांच्या नाकाखाली दारू धरली आणि शिकाऊ पोराला विचारावं तसं ‘अजून काय’ विचारत बसले. मला माझी इतकी चीड कधी आली नव्हती. ते पान मी फाडलं. बाटली उचलली आणि तळाशी काही राहू नये म्हणून हलवून हलवून मोरीत ओतली. बाटली देणाऱ्याला काय सांगायचं ते सांगेन, पण हे परत येतील तेव्हा घरात थेंब नको. खिडकीत उभी राहून रस्त्याकडं बघत राहिले. माग सुरू झाले, पंखा फिरायला लागला, दिवे लागले, तरी हे नाहीत.

आले तेव्हा उंबऱ्याबाहेरच थांबले. मी धावत पुढं झाले, सवयीनं मान पुढं केली.

“करून काय कळणार तुला,” हे म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “मीच सांगतो. चहा पिलोय, दोन येळा. त्याच्या आदी दुकानाच्या दारात उभा हुतो. लई येळ. आत न्हाय गेलो. बडीशेप पण खाल्ली न्हाय मुद्दाम. इश्वास ठेव, नायतर नको ठेवू.”

“या,” मी म्हणाले. मी दारातून बाजूला झाले.

हे आत आले नाहीत. दाराची चौकट धरून म्हणाले, “मोरीत ओतलीस व्हय?”

तेव्हा मला कळलं. पंखा भरधाव फिरत होता, आणि मघापासून मी त्या वासात उभी होते.

“घरभर सुटलाय,” हे म्हणाले. “मी हितंच बसतो पायरीवर. तू पाणी ओत.”

मी बादली भरली, मोरीत ओतली, खराट्यानं घासली. दुसरी ओतली. फिनेल टाकलं, खिडक्या उघडल्या, तिसरी ओतली. मोरी स्वच्छ दिसत होती. दिसण्याचा काय उपयोग. हात कमरेवर ठेवून मी दारापर्यंत आले. हे पायरीवर पाठमोरे बसले होते.

“गेला का?” मी विचारलं.

यांनी मान वळवली, आतल्या बाजूला तोंड करून श्वास घेतला.

“न्हाय अजून,” हे म्हणाले.

मी परत नळाखाली बादली लावली.