पेचकसाची मूठ

झाशीजवळच्या बिजौलीच्या कारखान्यात जगन्नाथ खेर तीस वर्षं यंत्रांची नाडी बघत आले होते. पेचकसाचं टोक चालत्या यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून दुखणं सांगायचं. ते कधी चुकत नसत.

यंदा यंत्रांना सेन्सर बसले. त्यांच्या नोंदी क्लाउडवर, म्हणजे दूरच्या कुठल्याशा संगणकांवर जात आणि निदान मयुराच्या मोबाइलवर येई. ही नवी इंजिनिअर जगन्नाथरावांशी मराठीत बोले, म्हणून त्यांची लाडकी.

"काका, तीन नंबरचं बेअरिंग जातंय म्हणे."

जगन्नाथरावांनी मूठ कानाला लावली. "ठणठणीत आहे! तुझ्या त्या ज्योतिषाला म्हणावं, पहले झाँसी आके सुनो भैया!"

सगळे हसले. तरी मयुराने यंत्र उघडायला लावलं. आत बेअरिंगचे छर्रे फुटून पडले होते.

जगन्नाथरावांनी एक फुटका छर्रा उचलून बघितला. एवढा खडखडाट, आणि आपल्याला ऐकूच आला नाही?

मयुरा अगदी समोर येऊन म्हणाली, "काका, सकाळी मागून तीन हाका मारल्या मी तुम्हाला."

"आजच?"

"दिवाळीपासून असंच चाललंय. आम्हाला वाटलं, सेन्सर बसवले म्हणून तुम्ही आमच्यावर रुसलात."