शिंगणापूरनंतरचा चहा

सहलीच्या कागदावर आमच्या घरचा चहा मी सर्वांत शेवटी लिहिला, ही माझी चूक. मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो, त्यामुळे कागदावर सहल आखण्यात आपला हात कुणी धरणार नाही अशी माझी समजूत आहे. घरात ती फक्त माझीच आहे.

झालं असं, की आमच्या मुलीनं पुण्यात नोकरी करता करता एक मुलगा पसंत केला. मुलगा सांगलीकडचा. आम्ही आजोबांच्या वेळेपासून बौद्ध, ते लोक हिंदू, देवाधर्माचं सगळं करणारे. आम्ही कोण हे मुलानं घरी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यावर त्याच्या घरून दोन महिने काही उत्तर आलं नाही आणि एक दिवस त्याच्या वडलांचा फोन आला.

"शिर्डीला येतोय दोन दिवस. तुमचा भाग पाहिलेला नाही. एक दिवस आसपास काहीतरी सोपं दाखवाल का? हिचा गुडघा दुखतो, फार चालणं नको. तुमच्या घरीही येऊ."

फोन ठेवला आणि माझं डोकं चालू झालं. मुलीचं घर बघायला येतोय असं हा माणूस सरळ का म्हणत नाही? शिर्डीला आलो होतो, सहज डोकावलो, असं म्हटलं की उद्या नकार द्यायला बरं. कुणी विचारलं तर, आम्ही कुठं स्थळ बघायला गेलो होतो, आम्ही तर दर्शनाला गेलो होतो.

"अहो, येतायत ना? मग येऊ द्या की," बायको म्हणाली. ती प्राथमिक शाळेत शिकवते. चाळीस पोरांच्या चाळीस तक्रारी रोज ऐकून तिचा संशयाचा कोटा शाळेतच संपतो, घरी फक्त माझा उरतो.

मुलीचाही फोन आला. "पप्पा, त्यांना फक्त फिरवा. तपासू नका."

शिर्डीहून एका दिवसात काय काय होतं याचा मी अभ्यास केला. भंडारदरा सुंदर, पण घाटाचा रस्ता आणि चढउतार, म्हणजे गुडघा गेला. त्र्यंबकेश्वरची रांग मोठी. वेरूळला पायऱ्या. राहिलं ते शिर्डीच्या स्टँडबाहेर प्रत्येक जीपवाला ओरडून सांगतो ते: शनिशिंगणापूर. जाऊन येऊन एकाच रस्त्यावर, चालणं कमी, आणि परतताना देवळाली प्रवरा वाटेतच, म्हणजे आमचं घर. भाविक माणसं आहेत, खूश होतील. आपणही काही आडमुठे नाही हे त्यांना कळेल. मी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: सकाळी नऊला शिर्डी, कोल्हारला पूल आणि नदी, साडेअकराला शिंगणापूर, वाटेत उसाचा रस, चार वाजता आमच्या घरी चहा व जेवण. कागदाचा फोटो काढून पाठवला. पलीकडून फक्त अंगठा आला. त्या अंगठ्याकडं मी बराच वेळ बघत बसलो. नुसता अंगठा म्हणजे काय समजायचं?

ठरल्या दिवशी मी गाडी घेऊन शिर्डीला गेलो. मुलाची आई बारीक, शांत, हातात कापडी पिशवी. वडील उंच, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. बायको घरीच थांबली होती, पुरण घालायला.

कोल्हारचा पूल ओलांडेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग वडलांनी विचारलं, "साहेब, तुमचं मूळ गाव कुठलं?"

मी सांगितलं.

"गावात घर कुठल्या अंगाला?"

माझे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकलाय. आधी आडनाव विचारतात, त्यावरून अंदाज आला नाही तर गाव, आणि गावावरूनही नाही आला तर हे. माहीत असूनही पुन्हा विचारतोय, म्हणजे आमच्याच तोंडून ऐकायचंय.

"पूर्वेला," मी म्हणालो आणि पुढच्या उसाच्या ट्रॅक्टरला उगाच हॉर्न दिला. ट्रॅक्टरवाल्यानं मान वळवून माझ्याकडं असं बघितलं, जणू दोन ट्रॉल्या ऊस मीच त्याच्यामागं जोडलाय.

शिंगणापूरच्या रस्त्याला लागलो की बैलाच्या घाण्यावरच्या रसवंत्या सुरू होतात. एकीपाशी थांबलो. रसवाल्यानं ग्लास आणले, मी स्वतः उठून एक मुलाच्या आईपुढं धरला.

"नको दादा, मला नाही चालत."

"आल्याचा आहे, ताजा आहे."

"नको, खरंच."

तिनं पिशवीतून बाटली काढली आणि आपलं पाणी प्यायली. मी मनात नोंद केली. रसवाल्याच्या हातचा चालत नाही, की माझ्या हातून चालत नाही? तेवढ्यात वडील रसवाल्याला म्हणत होते, "तुमचं घर गावाच्या कुठल्या अंगाला?"

"वड्याच्या पल्याड हाय की, का वो?"

"काही नाही. कालव्याचं पाणी तुम्हाला आधी मिळतं की नंतर?"

"आमाला कुटलं मिळतंय," रसवाला हसत म्हणाला. मग दोघांची कालव्यावरून दहा मिनिटं रंगली. मला जरा बरं वाटलं. पण लगेच वाटलं, मला विचारलेलं झाकायला मुद्दाम त्यालाही विचारलं नसेल ना?

शिंगणापूर जवळ आलं तशी गाडीच्या दोन्ही बाजूंनी मोटारसायकली धावायला लागल्या. पूजेच्या सामानाच्या दुकानात गिऱ्हाईक ओढून नेणारी ही माणसं, त्यांना आमच्याकडं लटकू म्हणतात. मी एकालाही दाद न देता गाडी लावली, कुलूप घातलं आणि चारी दरवाजे ओढून बघितले. मग पुन्हा एकदा बघितले.

"इथं तर घरांना दारं नाहीत म्हणतात," मुलाचे वडील हसत म्हणाले.

"घरांना नाहीत, गाडीला आहेत," मी म्हणालो. विनोद करायचा होता, पण आवाज भांडल्यासारखा निघाला.

"तुम्ही येताय ना आत?" आईनं विचारलं.

आम्ही काही देवळात हात जोडत नाही. हे सरळ सांगायला काय हरकत होती? पण मी म्हणालो, "तुम्ही या जाऊन, मी गाडीपाशी थांबतो. ह्या लटकूंचा भरवसा नाही." सकाळपासून त्यांच्या एकेका शब्दाचा अर्थ लावणारा मी, पहिलं खोटं मीच बोललो.

परत येताना गाडीत एकदा मुलाच्या आईनं नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानं मान हलवली. ती मान होकाराची की नकाराची, हे मागच्या आरशात कळत नाही.

चार वाजता घरापुढं गाडी थांबवली. बायको नवी साडी नेसून दारात उभी. तुपाचा वास गाडीपर्यंत येत होता. मी उतरून मागचं दार उघडलं. मुलाची आई जागची हलली नाही.

"दादा, राग मानू नका," ती म्हणाली. "आम्ही आज आत येत नाही. शनीचं दर्शन घेतलं की कुणाच्या घरात पाय ठेवायचा नाही, सरळ मुक्कामी जायचं. सासूबाईंपासून आमच्याकडं तसंच आहे."

मुलाचे वडील खाली मान घालून स्वतःच्या चपला बघत बसले होते.

बायको फाटकाशी आली, हातात पाण्याचा तांब्या. "पाणी तरी घ्या."

"पाणीही नको ताई, आज नको."

माझे कान तापले. माझ्या लहानपणी शाळेतल्या एका मित्राच्या घरी मला पाणी वरून ओंजळीत घातलं होतं. तिथं कुणी कारण सांगितलं नव्हतं. इथं निदान शनीचं कारण तरी सांगतायत, असं काहीतरी माझ्या मनात आलं आणि मी ते बोलणारच होतो, तेवढ्यात बायकोनं माझ्या कोपराला चिमटा काढला.

"हरकत नाही," ती त्यांना म्हणाली. "मग उद्या या, सकाळच्या नाश्त्याला."

"येतो," मुलाची आई म्हणाली.

मी त्यांना शिर्डीला सोडलं. उतरताना वडील म्हणाले, "सकाळी तुम्ही नका येऊ साहेब, आम्ही टॅक्सी करून येतो." आता ही टॅक्सी कशाला? मी न्यायला आलो तर यावंच लागेल. टॅक्सी मिळाली नाही असं फोनवर सांगता येतं.

घरी आलो तर बायको पुरणपोळ्या डब्यात भरत होती.

"शनीचं असं काही असतं का गं?"

"आमच्या हेडबाई पाळतात. शिंगणापूरहून येताना वाटेत चहालाही थांबत नाहीत."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला कागद दाखवला होता का?"

नव्हता. तरी माझं समाधान होईना. मी चौकात जाऊन तिघांना विचारलं. सायकलवाला म्हणाला, "लई लोक पाळत्यात." पानवाला म्हणाला, "न्हाई बा, आमी तर कदी ऐकलं न्हाई." तिसरे आमचे शेजारी. त्यांनी उत्तर न देताच विचारलं, "पाव्हणे कोन हायेत म्हनायचं?" मी घरी परतलो. एक पुरावा इकडं, एक तिकडं, आणि उद्यापर्यंत गल्लीभर होणारी बातमी फुकट.

मुलीला फोन करायला गेलो तर बायकोनं मोबाईल काढून घेतला. "तिला काय सांगणार? तिच्या सासूनं पाणी घेतलं नाही म्हणून? आणि खरंच शनीचं असलं तर? तुम्ही बोललेलं तिला परत विसरता येईल का?"

आमच्या पोरीला त्या घरात आयुष्य काढायचं होतं. तांब्या नाकारण्याचं कारण शनी असेल तर काहीच बिघडलं नव्हतं. दुसरं काही असेल, तर ते आजच कळलेलं बरं होतं.

सकाळी आठ वाजले. साडेआठ झाले. मी फाटकाजवळच्या कर्दळीला पाणी घालत होतो. इतकं घातलं, की ते वाहत रस्त्यावर गेलं. पावणेनऊला मी बायकोला म्हणालो, "नाही येत ते."

नऊला टॅक्सी आली.

मुलाची आई बायकोच्या खांद्याला धरून पायरी चढली आणि तिनं विचारलं, "ताई, स्वयंपाकघर कुठं?" सरळ आत गेली, फळीवरचा पेला घेऊन स्वतःच माठातून पाणी काढलं आणि उभ्यानं प्यायली. "कालपासून चुकल्यासारखं वाटत होतं," ती म्हणाली. मग ओट्यापाशी स्टुलावर बसून, कापडावर थालीपीठ थापायला लागली. बायको नको नको म्हणत होती, आणि थापू देत होती.

मी दारात उभा. माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, "दादा, एक सांगू का? आम्हाला शिंगणापूरला जायचंच नव्हतं. कागदावर तुम्ही लिहिलेलं, म्हटलं मुलीच्या वडलांची इच्छा असेल. नाही कसं म्हणायचं?"

"अहो, आम्ही कशाला... आम्ही तर तुमच्यासाठी..."

"तुम्ही शनीला जायचं लिहिलंत म्हणून तर नवल वाटलं. आणि तुम्ही आत आला नाहीत तेव्हा ह्यांना वाटलं, तुम्हाला आमचा राग आलाय."

बाहेरून मुलाचे वडील म्हणाले, "दिवसभर तुम्ही आरशातून बघत होता साहेब. मी हिला म्हटलं, ह्यांना स्थळ पसंत दिसत नाही."

मी म्हणालो, "रस का नाही घेतला मग?"

"साखर आहे मला," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली."

थालीपीठ तव्यावर पडलं. ती हात पुसत बायकोला म्हणाली, "ताई, खोटं नाही बोलत. आमच्या घरात सगळ्यांना पटलंय असं नाही. थोरले दीर आमच्याशी बोलत नाहीत. दोन महिने त्यातच गेले. पण आम्ही दोघं ठरवूनच आलोय. तुमची पोरगी आम्हाला पाहिजे. लग्न तुमच्या पद्धतीनं करा."

बायकोनं पदरानं डोळे टिपले आणि थालीपीठ उलटलं. ते एका बाजूनं चांगलंच करपलं होतं. मुलाच्या वडलांनी तेच मागून घेतलं आणि दह्याबरोबर संपवलं.

ते गेल्यावर मी ओट्याला टेकून उभा राहिलो. बायकोला म्हणालो, "तुला खात्री होती ना, ते येणार म्हणून?"

"मला कुठली खात्री?" पीठ लागलेली परात घासता घासता ती म्हणाली. "मलाही रात्रभर झोप नव्हती. पण शंका घ्यायला घरात तुम्ही होतात ना. दोघंही तेच करत बसलो असतो, तर सकाळी पीठ कुणी मळलं असतं?"