मधला रुमाल

आमच्या कुंडलच्या मामांपुढे कुणी हात केला, की ते दोन पावलं मागे सरत आणि इतका वाकून नमस्कार घालत, की समोरच्याला आपला लांबवलेला हात कुठे ठेवावा ते कळत नसे. लोक म्हणत, माणूस लय संस्कारी. ट्रॅक्टरवाल्यापासून कारखान्याच्या साहेबापर्यंत सगळ्यांना तोच नमस्कार. खरं कारण घरच्यांनाच ठाऊक होतं. मामांच्या तळहातांना घाम सुटायचा. साधासुधा नव्हे, ऐन थंडीतसुद्धा बोटांवरून थेंब टपकायचे.

त्यावर त्यांचा उपाय एकच, रुमाल. दोन्ही खिशांत एकेक, आणि शिवाय मामींच्या पिशवीत एक राखीव. मोटारसायकलच्या मुठींनाही त्यांनी जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटला नाही, की मामी मागून म्हणायच्या, "आवं, पुसा की आदी. मशीनला पवायला येत न्हाई." मामाही हसत. "रानात हीर खांदली तर खडक लागला," ते म्हणत, "आन् पानी लागलं ते हितं, हातात."

माझे वडील मी लहान असतानाच गेले. आई साताऱ्यात शिक्षिका होती. सुट्टी लागली, की माझा मुक्काम कुंडलला. जत्रेत नेताना मामा आधी माझ्या मनगटाभोवती रुमाल गुंडाळत आणि मग त्यावरून हात धरत. "रुमाल कशाला?" मी विचारायची. "तुला चिकाट लागंल गं," एवढंच उत्तर. मला त्या रुमालाचा भारी राग यायचा. बाकीच्या पोरी बापाचा हात धरून ऐटीत चालायच्या आणि मी आपली पार्सलासारखी. घामाची कितीही थट्टा केली तरी मामांना चालायचं, पण हात धरण्याचा विषय निघाला, की ते उठून गोठ्यात जात.

माझं लग्न ठरलं आणि घरात सगळे खूश झाले. मामांचं मात्र जेवणावरचं लक्ष उडालं. आमच्याकडे नवरीला हाताला धरून मांडवात आणायची ती मामानं. वडील नाहीत म्हणून कन्यादानही मामा-मामींनीच करायचं. शेवटी मामींनीच मला फोन करून सांगितलं, "पोरीचा हात रुमालातनं कसा द्यायचा, ह्येचा घोर लागलाय त्यास्नी."

मी तेव्हा सांगलीत नोकरीला होते. तिथल्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे मी मामांना घेऊन गेले. त्यांनी मामांच्या तळहातांना आयोडीन लावून वर पिठासारखी पूड भुरभुरली. जिथे घाम, तिथे निळंकाळं. मामांचे दोन्ही हात जांभळं तुडवल्यासारखे झाले. "काका, बोटॉक्सची इंजेक्शनं देऊ," बाई म्हणाल्या. "आठ-पंधरा दिवसांत हात कोरडे होतील. पण असर काही महिनेच टिकतो. आणि थोडे दिवस अंगठ्यातला जोर कमी वाटेल."

"लग्नापुरता टिकला तरी बास," मामा म्हणाले.

बधिर करूनही सुया झोंबतच होत्या. तळहातभर टोचून घेताना मामांनी हूं की चूं केलं नाही. बाहेर आल्यावर मात्र घटाघटा दोन ग्लास उसाचा रस प्यायले. गावात गेल्यावर ऐट बघावी! "नट्या तोंडाला घेत्यात, ते आमी हाताला घेतलं," असं पारावर सांगून आले. हात कोरडे पडले तेव्हा त्यांनी अख्खा पेपर वाचला आणि पानं ओली झाली नाहीत म्हणून मामींना दोनदा दाखवला.

लग्नाच्या दिवशी मामा खोलीच्या दारात आले. त्यांनी हात पुढे केला. मध्ये रुमाल नव्हता. मी तो हात धरला आणि मला रडूच आलं. कोरडा, खरखरीत, कामाचा हात. शर्टाची गुंडीही त्या दिवसांत मामी लावून देत होत्या, इतकं अंगठ्यातलं बळ गेलेलं. म्हणजे खरं तर मीच त्यांना धरून मांडवात नेलं.

मग कन्यादान. नवऱ्याची आणि माझी ओंजळ, त्यावर मामांची ओंजळ, आणि भटजींनी मामींना पाण्याची धार धरायला सांगितली. सगळ्यांचे हात मनगटापर्यंत चिंब. मामा बघतच राहिले. मामी तांब्या न थांबवता पुटपुटल्या, "यवढ्या सुया खाल्ल्या, आन् शेवटी सगळं पान्यातच की वो! सोताच्या लग्नातलं आठवलं न्हाई व्हय?"

"आगं, तवा मला कुठं कळतंय," मामा म्हणाले, "पानी कुठलं आन् घाम कुठला!"

भटजींचा मंत्र अडखळला. मांडवात खदखदून हसणाऱ्या नवरीचा, म्हणजे माझा, तो फोटो अजून कुंडलच्या भिंतीवर आहे.

यंदा मामा सांगलीला आमच्याकडे आले होते. असर केव्हाच ओसरला होता. परत इंजेक्शन घेऊ या का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "ज्येच्यासाठी घेतलं ते झालं की." संध्याकाळी गणपतीच्या देवळाकडे निघालो. रस्त्यावर गाड्यांची ही गर्दी. मामांचा हात खिशाकडे गेला आणि सवयीनं मी मनगट पुढे केलं.

त्यांनी रुमाल काढला, आपला चेहरा पुसला, परत खिशात ठेवला. आणि तसाच, थबथबीत ओला हात माझ्या हातात दिला.

"चल," म्हणाले, "घट धर. निसटंल."