बब्रुवानची येडशीची वाट

बब्रुवान धनगरानं येडशीला दुसरं घर केलंय, ही बातमी आधी विहिरीवर फुटली आणि न्याहारीपर्यंत वेशीला पोचली. पुरावा पक्का होता. बायको धुरपताबाई पोळ्यापासून तेरला भावाकडं जाऊन बसलेली. आणि हा गडी रोज दिवेलागणीला तोंड धुतो, स्वच्छ पागोटं बांधतो आणि स्टेशनाची वाट धरतो. एवढा नटून माणूस मालगाडी बघायला जातो का? विहिरीवरच्या उमाबाईंनी तर त्या बाईच्या नाकातली मोरणीसुद्धा सांगितली.

सगळं खोटं. बाई नव्हतीच. होते ते दादामियाँ पिंजारी, आणि त्यांच्या छपरात कापसाच्या ढिगाला टेकून गुळाचा चहा पिणारे चार-पाच मिशाळ बाप्ये. सगळे शिंदी पिणं सोडलेले, नाहीतर सोडायला निघालेले.

दिवस निजामाच्या राज्यातले, वर जगाची लढाई चाललेली. साखर मिळेना, रॉकेल मिळेना, शिंदी मात्र पाहिजे तेवढी. अंधार पडला की भल्याभल्यांचे पाय आपसूक गुत्त्याकडं वळायचे. म्हणून दादामियाँनी नेमकी तीच वेळ धरलेली. तिकडं गुत्ता भरला की इकडं ह्यांची बैठक भरायची. ऐन उमेदीत त्यांनी स्वतः पिण्यापायी बैलजोडी आणि पुढचे दात घालवले होते, त्यामुळं उपदेश करायची त्यांना गरजच नव्हती. नुसतं हसले तरी पुरे.

बैठकीचा कायदा एकच. पिऊन केलेला पराक्रम ज्याचा त्यानं आपल्या तोंडानं सांगायचा. बाकीच्यांनी पोट धरून हसावं. पण दुसऱ्याची गोष्ट कुणी सांगायची नाही. असला कायदा आमच्या गावात लागू झाला तर निम्मं गाव मुकं होईल.

आता बब्रुवानचा पराक्रम. घोंगडी विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ चोपडतात, म्हणजे ती ताठ बसते. धुरपताबाईनं उन्हाळाभर लोकर कातली, ह्यानं पाटलासाठी घोंगडी विणली. आणि खळ द्यायच्या दिवशी दोन गाडगी शेजारी-शेजारी ठेवली, एकात खळ, एकात शिंदी. आधीच थोडी झालेली. गड्यानं खळ पिऊन टाकली आणि शिंदी घोंगडीला चोपडली. वर बायकोला म्हणाला, “गुत्तेदारानं आज पाणी घातलं न्हाय बरं का. लई दाट हाय.”

ती घोंगडी पांघरून पाटील झोपले. अंगाची ऊब लागली आणि असा आंबूस वास सुटला, की उभ्या जन्मात थेंब न घेतलेल्या पाटलांना पाटलीणबाईंनी ओसरीवर काढलं. दुसऱ्या दिवशी घोंगडी बब्रुवानच्या अंगणात येऊन पडली.

धुरपताबाई रडली नाही, भांडली नाही. गाठोडं बांधलं. जाताना एवढंच म्हणाली, “शिंदी सुटली की न्यायला या. पर एकलं येऊ नगा. तुमच्या शब्दावर माझा इस्वास न्हाय, जामीन घेऊन या.”

जामीन कोण राहणार? गावात ज्याला-त्याला विचारलं. सगळ्यांनी पाणी दिलं, जामीन कुणी दिला नाही. शेवटी येडशीच्या बाजारात कुणीतरी पिंजाऱ्याचं नाव सांगितलं. दादामियाँ म्हणाले, “राहीन की. पण आधी चारचौघांत आपली गोष्ट सांग.”

तिथंच घोडं अडलं. रोज जायचा, चहा प्यायचा, दुसऱ्यांना हसायचा. आपली पाळी आली की त्याला खोकला यायचा.

शेवटी मला राहवेना. शेजारधर्म म्हणून एका संध्याकाळी मागोमाग गेलो. छपरात डोकावून ‘मी बब्रुवानचा शेजारी’ म्हणालो तोच दादामियाँ उठून उभे राहिले.

“आव भाई, आव! खळ पिणारे ते तुम्हीच ना? बसा. लाजू नका.”

सगळे माझ्याकडं मोठ्या मायेनं बघायला लागले. एकानं चहासुद्धा पुढं केला. मग उजेड पडला. कालच बब्रुवाननं एकदाची गोष्ट सांगितली होती, पण ‘आमचा एक शेजारी हाय’ अशी सुरुवात करून!

मी बब्रुवानकडं बघितलं. बब्रुवान शेगडीकडं बघत होता.

“बब्रुवान,” दादामियाँ हळूच म्हणाले, “ह्यांच्या बायकोला आणायला मी तेरला जाऊ का?”

मग बब्रुवाननं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. “न्हाय. खळ म्या पिली. शिंदी म्याच चोपडली. ह्या तात्याचा काय बी संबंध न्हाय.” आणि मग सगळं सांगितलं, पाटलीणबाईपासून गाठोड्यापर्यंत. खळीनं टाळूला चिकटलेली जीभ कशी सुटेना, ते करून दाखवलं, तेव्हा दादामियाँच्या बोळक्यातून चहा उडाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या छोट्या गाडीनं बब्रुवान आणि दादामियाँ तेरला गेले. मेहुणा बलभीम दारातच आडवा झाला. “दाजी, तोंड उघडा.” हुंगलं. मग चुकून जामिनाचंही हुंगलं. धुरपताबाई आतून म्हणाली, “चाचा, ह्यांनी परत पिली तर?”

“तर हा मला येऊन सांगेल, बेटी. खोटं सांगायचं कालच संपलं त्याचं.”

ती त्याच गाडीच्या परतीच्या फेरीनं आली. गाव स्टेशनाच्या वाटेवर उभं होतं. नाकात मोरणी असलेली कुणी उतरते का, तेही बघून घेतलं.

आता ही वारी संपली, असं आम्हाला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाली आणि बब्रुवान पुन्हा पागोटं बांधून बाहेर. मी ओट्यावरून हाळी दिली, “अरे, वहिनी आल्या की घरी! आता कशाला येडशीला?”

तो थांबलासुद्धा नाही. म्हणाला, “बायको आली म्हणून गुत्ता उठला व्हय, तात्या?”