चार महिन्यांची देवी

डहाणूच्या किनाऱ्यावर शांती बोंबील वाळत घालत होती. जवळच तिची कॉलेजात जाणारी मुलगी रुपल परीक्षेसाठी मोठ्याने वाचत होती. रोमच्या नीरो सम्राटाची मुलगी क्लॉडिया चार महिन्यांची होऊन वारली, तेव्हा तिला देवी ठरवण्यात आलं.

शांतीचे हात थांबले. "माझी पहिली पोरही तेवढीच होऊन गेली," ती म्हणाली. "सुतक फिटायच्या आत तुझ्या आजीने मला टोपली देऊन बाजारात बसवलं. म्हणे, पोरगीच तर होती."

मोठी बहीण होती हे रुपलला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. तिने हळूच नाव विचारलं.

"रुपलच," शांती म्हणाली. "तू झालीस तेव्हा आजी बोलली, दुसरं नाव कशाला शोधायचं? हे कुठे फारसं वापरलंय!"