गरजू नसलेली ऊर्मिला

ऊर्मिला मूळची इचलकरंजीची. जर्मनीत डार्मश्टाटला मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षात कंट्रोल सिस्टिम्समध्ये ती नापास झाली आणि तिचं घोडं तिथंच अडलं. विषय पुन्हा शिकवला जाणार होता तो थेट हिवाळ्यात. आधी उरकायचा तर उन्हाळ्याच्या सुट्टीतलं समर स्कूल होतं. पण त्याची फी होती, आणि वर्गात बसलं की सुट्टीतलं पूर्णवेळ काम बुडणार होतं. म्हणून ती आर्थिक मदत शोधायला निघाली.

मदत भरपूर होती. सरकारी विद्यार्थी-साहाय्य तिच्या व्हिसावर मिळत नव्हतं, तेवढं सोडा. पण समर स्कूलची एक स्कॉलरशिप खास भारतीय विद्यार्थ्यांसाठीच होती. हे वाचून तिला हायसं वाटलं. पुढची ओळ वाचली तर अर्जदार भारतात राहणारा हवा होता. जर्मनीत आल्यामुळे ऊर्मिला भारतीय म्हणून जरा कमी पडली.

उरला विद्यापीठाचा गरजूंसाठीचा निधी. तिथल्या सल्लागार फ्राऊ हार्टविग फार प्रेमळ बाई. त्यांनी तिची सगळी कागदपत्रं मन लावून वाचली.

"तुमच्या श्पेअरकोंटोमध्ये, त्या व्हिसाच्या बंद खात्यात, वर्षभराच्या खर्चाचे पैसे दिसतायत," त्या म्हणाल्या.

"ते व्हिसासाठी ठेवावेच लागतात. दर महिन्याला ठरलेली रक्कमच काढता येते, ती भाड्यात आणि जेवणात जाते."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणजे नियमाप्रमाणे तुम्ही गरजू नाही."

"आणि ते पैसे नसते तर?"

"तर तुम्ही इथे नसता."

हे सांगताना बाईंचा चेहरा इतका पडला की ऊर्मिलालाच त्यांची समजूत घालावी लागली. ती दारापर्यंत पोचली तेव्हा बाईंना काहीतरी आठवलं. समर स्कूलला एक मदतनीस हवी होती. भारतातून येणाऱ्या स्कॉलरांची राहण्याफिरण्याची व्यवस्था बघायची, तासांवर पगार, आणि मदतनिसाला वर्गात फुकट बसता येतं, परीक्षाही देता येते. गरजू असण्याची अट नव्हती. ऊर्मिलानं लगेच होकार दिला.

जुलैत ती स्टेशनवर फलक धरून उभी राहिली. पहिला उतरला पुण्याचा सिद्धांत. वडिलांच्या गाड्यांच्या तीन शोरूम. स्कॉलरशिप कशी मिळाली, असं तिनं विचारलं, तर तो मोकळेपणानं म्हणाला, "बाबा म्हणाले, फुकट आहे तर जाऊन ये." मुलगा वाईट नव्हता. आपली बॅग त्यानं स्वतःच उचलली.

सकाळी ऊर्मिला शेवटच्या बाकावर बसायची. दुपारी कुणाला वॉशिंग मशीन दाखव, कुणाला औषधाच्या दुकानात ने, हे चालायचं. संध्याकाळी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात पोहे परतता परतता सिद्धांत गणितं विचारायचा. वर्षभर जे तिच्या डोक्यावरून गेलं होतं, ते त्याला चार वेळा समजावताना तिलाच कळत गेलं.

निकालात ती वर्गात पहिली आली. सिद्धांत काठावर पास झाला आणि त्याचा त्याला मनापासून आनंद झाला. समारंभात संचालकांनी स्कॉलरशिप गुणवत्तेला कसा हात देते यावर भाषण केलं. स्कॉलरांना मंचावर बोलावलं. मदतनीस मागे खुर्च्या लावत होती. टाळ्या तिनंही वाजवल्या.

"तू कुठल्या स्कॉलरशिपवर होतीस गं?" निरोप घेताना सिद्धांतनं विचारलं.

"मी स्टाफमध्ये होते," ऊर्मिला म्हणाली, आणि म्हणताना तिला जरा बरंच वाटलं.

तो तिथून मित्रांबरोबर स्वित्झर्लंडला गेला. तिनं सगळ्यांच्या खोल्यांच्या किल्ल्या परत केल्या, खोलीवर आली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाढ झोपली.